स्वतःच्या मालकीची शस्त्रं दुसऱ्या देशात नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीमुळे तुम्ही कायमचे दुसऱ्या देशात चालला आहात. आजोबांकडून वारशाने आलेली बारा बोअरची दुनळी, एक .२२ टारगेट रायफल आणि एक ९ मि.मी. पिस्तूल अशी तीन शस्त्रं तुमच्या परवान्यावर आहेत. ती घरसामानाच्या कंटेनरमध्ये टाकता येतील का, कुरिअरने पाठवता येतील का, की विमानातून बरोबर नेणं बरं? मी अनेक वर्षं शस्त्रांच्या खेपांच्या वाहतुकीचं आणि कस्टम्स क्लिअरन्सचं काम करतो. त्यामुळे आधी थेट उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो.

कंटेनरमध्ये, सामानाच्या यादीत न दाखवता: कधीही नाही. साध्या पार्सलने: नाही. विमानातून बरोबर: जमू शकतं, पण सगळे कागद आधी हातात असतील तरच, आणि बऱ्याच देशांत ही सोय फक्त तात्पुरत्या येण्याजाण्यासाठी असते. कायमच्या स्थलांतराला सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे इकडच्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून तिकडच्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, आणि मधे शस्त्रं हाताळायची परवानगी असलेला फ्रेट फॉरवर्डर, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणारा मध्यस्थ. खर्च जास्त येतो, वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक टप्प्यावर शस्त्र कोणाच्या कायदेशीर ताब्यात आहे याचं उत्तर कागदावर असतं.

लोक सुरुवात वाहतुकीपासून करतात: पेटी कुठली, विमान कुठलं, भाडं किती. तो शेवटचा भाग आहे. परवानगी उलट्या दिशेने चालते. आधी मुक्कामाच्या देशाची आयात परवानगी, मग वाटेत लागणाऱ्या देशांची ना हरकत, मग तुमच्या देशाची निर्यात परवानगी, आणि हे सगळं झाल्यावर शस्त्र हलतं. हा क्रम कोणा अधिकाऱ्याच्या लहरीवर ठरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ३१ मे २००१ रोजी स्वीकारलेल्या आणि ३ जुलै २००५ पासून अमलात आलेल्या अग्निशस्त्र प्रोटोकॉलच्या १०व्या कलमात तो लिहिलेला आहे. निर्यात करणाऱ्या देशाने परवाना देण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या: आयात करणाऱ्या देशाने परवाना दिला आहे का, आणि मधल्या देशांनी माल निघण्याआधी लेखी ना हरकत कळवली आहे का. त्याच कलमात शिकार, नेमबाजी, प्रदर्शन, दुरुस्ती अशा पडताळता येणाऱ्या कारणांसाठीच्या तात्पुरत्या ने-आणीला सोपी पद्धत ठेवायची मुभा आहे. सगळे देश या प्रोटोकॉलमध्ये नाहीत, अमेरिका नाही. तरीही व्यवहारात बहुतेक ठिकाणी तुम्हाला हाच क्रम भेटेल.

तात्पुरतं आणि कायमचं यातला फरक नीट समजून घ्या, कारण माझ्याकडे येणाऱ्या अडकलेल्या खेपांपैकी बऱ्याच इथेच अडकलेल्या असतात. लोकांना माहिती मिळते ती शिकारीला किंवा स्पर्धेला जाऊन आलेल्यांकडून, आणि ते सगळे तात्पुरत्या परवानगीवर गेलेले असतात. अमेरिकेतून बाहेर पडणाऱ्या नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला सामानासाठीच्या सवलतीखाली ३ शस्त्रं आणि १००० काडतुसं वेगळ्या निर्यात परवान्याशिवाय नेता येतात, पण ती परत आणायच्या अटीवर. कायमची तिकडेच ठेवायची असतील तर ती सवलत लागू होत नाही. कॅनडात पाहुणा म्हणून जाणारा आरसीएमपीचा (तिथल्या संघीय पोलिसांचा) ५५८९ क्रमांकाचा घोषणापत्राचा फॉर्म भरतो, सही सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर करतो, आणि तो कागद ६० दिवस त्याचा परवाना म्हणून चालतो. तिथे राहायला जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. युरोपीय संघात शिकारी आणि नेमबाज युरोपीय शस्त्र पासावर एका सदस्य देशातून दुसऱ्यात जातात. बिऱ्हाड हलवायचं असेल तर जिथून निघायचं त्या देशाचं हस्तांतरण परवानापत्र आणि जिथे जायचं त्याची पूर्वसंमती लागते. दक्षिण आफ्रिकेत शिकारीला जाणारे तिथल्या पोलीस खात्याचा (एसएपीएस) ५२० क्रमांकाचा फॉर्म काळ्या शाईने भरून नेतात आणि सही तिथल्या पोलिसासमोर करतात. तोही तात्पुरत्या आयातीचाच. तेव्हा कोणी ‘मी नेली होती, काही झालं नाही’ असं सांगितलं, तर ती बंदूक परत आणली होती का, एवढं आधी विचारा.

कायमच्या स्थलांतरात एक गाठ हमखास पडते. तिकडच्या शस्त्र परवान्यासाठी तिकडचा पत्ता, कधी तिकडच्या नेमबाजी क्लबचं सदस्यत्व, कधी तिजोरीची पोलीस तपासणी लागते. म्हणजे राहायला गेल्याशिवाय परवाना नाही, आणि परवाना नाही तर आयात नाही. इकडे तुमचा परवाना तुमच्या पत्त्याला बांधलेला असतो. घर सोडलं की शस्त्रं कुठे ठेवायची? यावर मी प्रत्येकाला एकच सांगतो: तुम्ही पुढे जा, शस्त्रं मागून येऊ द्या. निघण्याआधी ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या ताब्यात रीतसर जमा करा आणि पावतीवर प्रत्येक शस्त्राचा क्रमांक लिहून घ्या. जमा करण्याची मुदत किती, ती वाढवता येते का, हे परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा. भावाच्या किंवा मित्राच्या कपाटात ठेवू नका. त्याचा स्वतःचा परवाना असला तरी तुमचं शस्त्र त्यावर चढवलेलं नसेल, तर बहुतेक कायद्यांत तो बेकायदा ताबा ठरतो, आणि गुन्हा त्याच्या नावावर लागतो.

काही देशांत स्थलांतर करणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. अमेरिकेत कायम आयात सामान्यतः परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावी लागते. मात्र परतणारा अनिवासी नागरिक किंवा कायदेशीर स्थलांतर करून येणारा माणूस शस्त्रं स्वतःबरोबर आणणार असेल, तर त्याला फॉर्म ६ या शस्त्र आयातीच्या फॉर्मवर स्वतः अर्ज करता येतो. अशी वाट तुमच्या मुक्कामाच्या देशात आहे का, हा तिकडच्या कार्यालयाला विचारायचा पहिला प्रश्न. आणि दूतावासाच्या फोनवर मिळालेल्या तोंडी उत्तरावर शस्त्र हलवू नका. परवाना देणाऱ्या खात्याचंच लेखी उत्तर घ्या.

आता तुमची तीन शस्त्रं.

अर्ज करण्याआधी प्रत्येकाचा अनुक्रमांक स्वतः, चांगल्या उजेडात, भिंग घेऊन वाचा. जुन्या परवान्यावरून उतरवू नका. या कामात मी सगळ्यात जास्त जपतो ती ही गोष्ट. आयात परवाना, निर्यात परवाना, एअरवे बिल (हवाई मालाचा वाहतूक दस्तऐवज) आणि धातूवरचा आकडा यांत एका अक्षराचा फरक पडला, तर सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर कागदावर असलेली बंदूक हजर नसते आणि हजर असलेली कागदावर नसते. तो जप्त करतो, आणि त्याचं बरोबर असतं. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांची गफलत नेहमीची. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रायफलींवर चार आकड्यांनंतर एक बारीक अक्षर असतं, आणि आकडे दर दहा हजारांनी पुन्हा सुरू झालेले असतात. ते अक्षर सुटलं की क्रमांक एकमेव राहत नाही. जुन्या इंग्रजी दुनळ्यांवर तर पेटंट वापराचा क्रमांकही कोरलेला असतो, नळ्यांच्या चपट्या भागावर परीक्षणाचे (नळ्या जास्त दाब झेलतात हे तपासल्याचे) शिक्के असतात, आणि कधी नळ्यांवर एक आणि चापाच्या कड्यावर दुसरा आकडा सापडतो, कारण मधल्या काळात कोणीतरी नळ्या बदललेल्या असतात. तुमच्या दुनळीचा परवान्यावरचा आकडा नेमका कुठल्या जागचा आहे ते शोधा. फरक निघाला तर आधी इकडच्या परवान्यात दुरुस्ती करून घ्या आणि मगच तिकडे अर्ज करा. प्रत्येक आकड्याचा जवळून काढलेला, वाचता येणारा फोटो अर्जाला जोडा. मागितला नसला तरी.

दुनळीबद्दल तुम्ही लिहिलं आहे की ती ‘अँटिक असल्यामुळे नियम लागू नसावेत’. इथे जपून. अँटिकची व्याख्या देशागणिक बदलते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र या वर्गात येतं. कॅनडात १८९८ च्या आधीचं, आणि तेही काही कॅलिबरच्या अटींसह. ब्रिटनच्या २०२१ च्या नियमांत १ सप्टेंबर १९३९ च्या आधी बनलेलं असावं लागतंच, शिवाय ते ज्या काडतुसाचं आहे ते कालबाह्य काडतुसांच्या यादीत असावं लागतं. बारा बोअरची साधी काडतुसं आजही सगळीकडे मिळतात, त्यामुळे ती बंदूक कितीही जुनी असली तरी तिथे अँटिक म्हणून सुटत नाही. कस्टम्सचा हिशेब पुन्हा निराळा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू कस्टम्सच्या वर्गीकरणात ९७०६ या शीर्षकाखाली जाऊ शकते आणि त्यावरचा कर कमी असू शकतो. पण कराच्या तक्त्यात अँटिक ठरल्याने शस्त्र कायद्यातून सुटका होत नाही. दोन खाती, दोन व्याख्या, आणि दोघांचंही समाधान करावं लागतं. बनल्याचं वर्ष सिद्ध करायला निर्मात्याच्या नोंदवहीचा उतारा मिळाला तर फार मोलाचा. जुन्या कंपन्यांच्या नोंदवह्या बऱ्याचदा शाबूत असतात आणि क्रमांक कळवला की त्यावरून उतारा देतात.

दुनळीच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी. तिच्यावर हस्तिदंताचं, कासवाच्या पाठीचं किंवा शिसवीच्या जातीच्या लाकडाचं काही काम असेल, तर साइट्स कराराचा, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, प्रश्न येतो. शस्त्राचे सगळे परवाने असूनही दस्त्यातल्या हस्तिदंती चकतीपायी खेप अडते. लाकडाच्या बाबतीत डॅल्बर्जिया (शिसवीच्या) वंशातल्या जवळजवळ सगळ्या जाती २०१७ च्या सुरुवातीपासून कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. त्यात तयार वस्तूंना, एका खेपेत असं लाकूड १० किलोपर्यंत असेल तर, २०१९ पासून सूट आहे. ब्राझिलियन रोझवुड मात्र त्याआधीपासून सगळ्यात कडक बंधनांच्या परिशिष्ट १ मध्ये आहे आणि त्याला ही सूट नाही. बहुतेक दस्ते अक्रोडाचे असतात, त्यांना काही अडचण नाही. पण जाणकाराकडून खात्री करून घ्या.

दुसरी गोष्ट, आयात खूण. प्रोटोकॉलनुसार कायम आयात झालेल्या शस्त्रावर आयात करणाऱ्या देशाची आणि शक्य असेल तिथे वर्षाची खूण करावी लागते. तात्पुरत्या आयातीला ही अट नाही. जुन्या, कोरीव काम असलेल्या बंदुकीवर नवी खूण उमटणं मनाला लागतं, संग्राहकाच्या नजरेत किंमतही उतरते. खूण कुठे करायची याला थोडी मोकळीक असते. तिकडच्या विक्रेत्याशी आधीच बोलून ती चापाच्या कड्याजवळ किंवा नळीच्या खालच्या बाजूला, दस्त्याआड झाकली न जाणाऱ्या पण डोळ्यांत न भरणाऱ्या जागी करून घ्या. तिसरी गोष्ट, परीक्षण. युरोपातल्या अनेक देशांत सीआयपी या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या नियमांप्रमाणे मान्य परीक्षण शिक्का नसलेली बंदूक विकता येत नाही. तुम्ही विकणार नसलात तरी आयातीच्या वेळी विचारणा होऊ शकते. जुन्या पातळ नळ्यांना जास्त दाबाच्या परीक्षणात धोका असतो, म्हणून शिक्के कोणते आहेत ते आत्ताच वाचून ठेवा.

आणि एक सुरक्षेची सूचना. जुनी, वर्षानुवर्षं भिंतीवर राहिलेली हत्यारं, विशेषतः तोंडाने भरायची, भरलेल्या अवस्थेत सापडतात. तुमची दुनळी बिजागरीपाशी उघडून दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड पाहिल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नका.

.२२ रायफल तिघांत सगळ्यात सोपी. सिंगल शॉट (एकेक काडतूस भरायची) किंवा बोल्ट ॲक्शनची (दर गोळीला हाताने खटका मागेपुढे करायची) असेल तर बहुतेक देशांच्या सर्वांत सौम्य वर्गात बसते. अडचण तिच्या बरोबरच्या सामानात असते. मॅगझिनची क्षमता अनेक ठिकाणी मर्यादित आहे. युरोपीय संघाच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर अर्धस्वयंचलित सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मधोमध आघात होणाऱ्या) रायफलीला १० पेक्षा जास्त आणि अशाच पिस्तुलाला २० पेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझिन लावलं, तर शस्त्राचा वर्गच बदलून निषिद्ध होतो. सायलेन्सर काही देशांत शिकाऱ्याचं नेहमीचं साधन आहे, तर काही देशांत तो नुसता जवळ असणं हाच गंभीर गुन्हा. दुर्बिणीबाबतही गाफील राहू नका. रात्री दिसणारी किंवा उष्णतेवर चालणारी दुर्बीण कित्येकदा खुद्द बंदुकीपेक्षा कडक निर्यात नियंत्रणाखाली असते. असलं काही असेल तर त्याचा स्वतंत्र परवाना काढा किंवा इथेच विका. तिच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. साफसफाईचं ज्वलनशील द्रावणही नेऊ नका, तिकडे नवीन घ्या.

पिस्तुलाबद्दल मी तुम्हाला स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य समजतो: ते बहुधा न्यायचं नाही. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसारख्या लहान हत्यारांवर जगभर सगळ्यात जास्त बंधनं आहेत. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर १९९७ च्या कायद्यांनंतर बहुतेक पिस्तुलांवर बंदी आली, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या पिस्तूल स्पर्धांना सरकारला खास परवानग्या द्याव्या लागल्या. कॅनडाने १९ ऑगस्ट २०२२ पासून व्यक्तींना पिस्तुलं आयात करायला बंदी केली. काही देशांत लष्कर किंवा पोलीस वापरतात ते कॅलिबरच नागरिकांना वर्ज्य असतं. भारतात ९ मि.मी. हे निषिद्ध बोअर आहे. इटलीतही ९ बाय १९ चं पिस्तूल २०२१ च्या अखेरीच्या कायद्यापर्यंत नागरिकांना मिळत नव्हतं. तुमचं पिस्तूल आठवणीचं नसेल, तर ते इथेच रीतसर विका, विक्रीची नोंद तुमच्या परवान्यावरून कमी झाल्याची प्रत घ्या, आणि तिकडे कायदा परवानगी देत असेल तर तिकडचं घ्या. एका पिस्तुलामुळे तिन्हींचा अर्ज रेंगाळतो. म्हणून मी दुनळी आणि रायफल एका अर्जात आणि पिस्तूल वेगळ्या अर्जात ठेवायला सांगतो.

कोणीतरी तुम्हाला सुचवेल की शस्त्र उघडून नळी एका पार्सलमध्ये, बोल्ट दुसऱ्यात असं पाठवावं. हे कृपा करून करू नका. युरोपीय कायद्यात नळी, फ्रेम किंवा रिसीव्हर (बाकीचे भाग ज्यात बसतात तो सांगाडा), स्लाइड, सिलिंडर आणि बोल्ट हे सगळे आवश्यक भाग आहेत आणि प्रत्येकावर पूर्ण शस्त्राइतकीच बंधनं आहेत. अमेरिकेत आयातीच्या वेळी फ्रेम किंवा रिसीव्हर म्हणजेच शस्त्र. कुठेही पाठवा, एखादा भाग कायद्याने ‘बंदूक’ ठरतोच. आणि तुकडे करून पाठवणं ही तस्कराची पद्धत म्हणून ओळखली जाते. तुमचा हेतू स्वच्छ होता हे नंतर न्यायालयात सांगावं लागतं. ‘यंत्राचे भाग’, ‘क्रीडा साहित्य’ असं मोघम वर्णनही तसंच. सीमेवर क्ष-किरण यंत्र आहे, आणि बंदुकीचा आकार त्यात कोणालाही ओळखू येतो. एखाद्या देशात निष्क्रिय केल्याचं प्रमाणपत्र असलेलं शस्त्रही दुसरीकडे निष्क्रिय मानलं जाईलच असं नाही.

आता वाहतूक. घरसामान हलवणाऱ्या बहुतेक कंपन्या शस्त्रं घेतच नाहीत, आणि घेतली तर त्यांच्यामुळे पूर्ण कंटेनर तपासणीला उभा राहण्याचा धोका असतो. तुमचं स्वयंपाकघर आणि मुलांची पुस्तकं त्याच्याबरोबर अडकतील. मोठ्या कुरिअर कंपन्या शस्त्रं घेतात ती सहसा करार केलेल्या परवानाधारक व्यापाऱ्यांकडूनच. टपालाचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, आणि काडतुसं तर स्फोटक म्हणून आंतरराष्ट्रीय टपालात पूर्ण वर्ज्य. म्हणून विक्रेता ते विक्रेता, हवाई कार्गोने, शक्यतो थेट उड्डाणाने.

थेट उड्डाणावर मी इतका भर देतो तो ट्रान्झिटमुळे. विमान बदलायला दोन तास थांबलेली पेटीही त्या देशाच्या हद्दीत असते, आणि अनेक देश तिला परवानगी मागतात. नेदरलँड्समधून शस्त्र नुसतं पुढे जायचं असलं तरी तिथल्या कस्टम्सच्या ग्रोनिंगनमधल्या आयात-निर्यात कार्यालयाची संमती आधी घ्यावी लागते. तुम्ही स्वतः बरोबर नेत असाल तर धोका आणखी मोठा. विमान चुकलं, एअरलाइनने रात्री हॉटेलात पाठवलं आणि सामान तुमच्या हातात दिलं, तर त्या क्षणी तुम्ही त्या देशात विनापरवाना शस्त्र बाळगणारे झालात. अशा वेळी पेटी ताब्यात घेऊ नका. ती विमानतळावरच कस्टम्सच्या किंवा एअरलाइनच्या ताब्यात ठेवायला सांगा आणि तसं लेखी घ्या.

काडतुसं नेऊच नका. विमान प्रवासात प्रवाशाला धोकादायक मालाच्या यादीतल्या १.४एस या कमी धोक्याच्या स्फोटक वर्गातली, यूएन ००१२ किंवा यूएन ००१४ क्रमांकाची, स्वतःच्या वापराची काडतुसं एकूण ५ किलोपर्यंत चेक-इन सामानात नेता येतात, तीही एअरलाइनच्या संमतीने, आणि दोन प्रवाशांचा कोटा एका पेटीत घालता येत नाही. बंदुकीची सुटी दारू तर सामानात नाहीच नाही. शिकारीला जाणाऱ्याला हा खटाटोप परवडतो. कायमचं जाणाऱ्याने तिकडची काडतुसं तिकडे घ्यावीत. शस्त्राच्या खेपेत एकही काडतूस नसेल तर धोकादायक मालाचा पूर्ण अध्यायच बंद होतो. पेटीचे कोपरे, जुने खिसे, चामडी पट्टे झटकून बघा. विसरलेलं एखादं काडतूस सापडतंच.

कस्टम्सच्या कागदांत मालाच्या वर्गीकरण क्रमांकाचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात: पिस्तूल ९३०२ खाली, शिकारी आणि क्रीडा बंदुका ९३०३ खाली, सुटे भाग ९३०५ खाली. इनव्हॉइसवर ‘वैयक्तिक मालकीचं वापरलेलं शस्त्र, विक्रीसाठी नाही’ असं लिहा, पण किंमत शून्य लिहू नका. विक्रेत्याकडून मूल्यांकनाचं पत्र घ्या आणि तीच किंमत सगळीकडे, विम्यातही, वापरा. दुनळीसाठी वारसाहक्काची कागदपत्रं लागतील: ती तुमच्या नावावर कशी आली याचा अखंड दाखला. घरसामानाच्या करसवलतीत शस्त्रं येतात असं गृहीत धरू नका. काही जण एटीए कार्ने सुचवतात. तो वर्षभरापर्यंतच्या तात्पुरत्या आयातीचा कराचा कागद आहे, शस्त्र परवान्याची जागा तो घेत नाही. आयात, ट्रान्झिट आणि निर्यात या तिन्ही परवानग्यांच्या मुदती एका तक्त्यात मांडा. आयात परवाना आधी मिळतो म्हणून तोच आधी संपतो, आणि निर्यातीला उशीर झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. माल निघायच्या दिवशीच नव्हे, तो तिकडे उतरून तपासला जाईपर्यंत तिन्ही जिवंत असायला हवेत.

पेटी कडक कवचाची, दोन कुलुपांची. शस्त्र रिकामं, बोल्ट काढून त्याच पेटीत वेगळा गुंडाळलेला, दुनळीच्या नळ्या सुट्या केलेल्या. बाहेरून शस्त्र आहे असं काही लिहू नका. चोरीचा धोका खरा आहे. आत वरच्या थराला परवान्यांच्या प्रती आणि क्रमांकांचे फोटो ठेवा, म्हणजे उघडणाऱ्या अधिकाऱ्याला उलथापालथ न करता ताडून बघता येईल. समुद्रमार्गे जाणार असेल तर नळ्यांना गंजरोधक तेलाचा जाड हात द्या.

पोचल्यावर काम संपलं असं समजून लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नोंदणीची मुदत चुकते. आयात परवाना हा शस्त्र देशात आणण्यापुरता असतो. ते ताब्यात ठेवायला तिकडच्या परवान्यावर चढवावं लागतं, आणि चढेपर्यंत ते विक्रेत्याच्याच तिजोरीत राहतं. दुनळी घरी कधी येईल हे त्याला विचारून मगच तिजोरी बसवणाऱ्याला बोलवा. तिकडून पोहोच दाखला मिळाला की त्याची प्रत इकडच्या निर्यात परवाना देणाऱ्या कार्यालयाला आणि तुमच्या जुन्या शस्त्र परवान्याच्या कार्यालयाला पाठवा. तो पोचेपर्यंत इकडच्या नोंदीत ती दोन्ही शस्त्रं तुमच्याच घरी आहेत, आणि पुढच्या तपासणीला येणारा पोलीस ती तुमच्या रिकाम्या घरातच शोधेल.